रिटचिंगची पेन्सिल

रविवार कारंजाला वळसा घालून मेन रोडला लागलं
की भांड्यांच्या दुकानावर प्रभा फोटो स्टुडिओ होता.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
सत्तावीस वर्षं मी तिथे माळ्यावर बसून
मुली उजळ केल्या.

लोकांना वाटायचं, पावडर लावतो की काय हा.
नाही हो. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं.
गोरी मुलगी तिथे कोळसा,
आणि सावळी उजेडापुढे धरली
की काचेसारखी, आरपार.
तिला गोरी करायची
तर चार एचची पेन्सिल, सुईसारखं टोक,
आणि बारीक बारीक गिरवत
तिच्या तोंडाला काळं फासायचं.
हे मी विनोद म्हणून सांगायचो.
लोक हसायचे. मीही.

लग्नसराईत सिन्नर, निफाड, ओझरहून यायचे,
काळारामाचं दर्शन उरकून, कपाळावर ओला गंध.
जिना चढतानाच आईचं सुरू:
नाकीडोळी नीटस आहे हो, फक्त रंगाचं जरा बघा.
मुलगी स्टुलावर, मान डावीकडे,
जणू रंग तिचा नव्हेच,
रस्त्यात कुठे शिंतोडे उडालेत अंगावर.
एकीनं पाटीभर द्राक्षं ठेवली टेबलावर, काळी.
हिरव्यापेक्षा यांनाच भाव आहे यंदा, म्हणाली,
आणि पोरीची हनुवटी वर करून:
हिला दोन हात जास्त मारा.

मापं ठरलेली.
निमगोरीला तासभर, गव्हाळीला दोन,
सावळीला अख्खी दुपार.
सावळीच्या पुढे स्थळाच्या कागदावर शब्दच नसायचा.
तिथे नुसतं लिहीत: स्वभावानं शांत.

मुलांचे फोटो?
मुरमं पुसायचो. बाकी कुणी काही सांगितलं नाही.

मागच्या चैत्रात घर शोधत एक बाई आली पंचवटीत.
रेवती गांगुर्डे. आई जाऊन पंधरा दिवस झालेले.
भिंतीवर लावण्याजोगा एकच फोटो, मागे प्रभाचा शिक्का.
ही माझी आई नाही, ती म्हणाली.
पोरं विचारतात, ही कोण.

निगेटिव्हं मी टाकली नव्हती,
बिस्किटांच्या डब्यांत होती, सालवार.
इंदुमती, अठ्ठ्याहत्तर, फक्त चेहरा.
टर्पेंटाइनचा बोळा फिरवला.
माझी एक अख्खी दुपार
अर्ध्या मिनिटात कापसावर आली.

नातवानं ती स्कॅन केली, उलटी केली.
आणि पडद्यावर
उजवी भुवई डावीपेक्षा किंचित वर, काही विचारणारी,
ओठांपर्यंत येऊन थांबलेलं हसू,
गालाच्या हाडाखाली सावली,
जी मी भरून काढली होती
रस्त्यातला खड्डा बुजवावा तशी.
डोळ्याला भिंग लावून तीन तास
मी याच चेहऱ्यावर होतो,
आणि सगळा वेळ फक्त रंगाशी भांडत होतो.
देखणी होती हो बाई.
सत्तेचाळीस वर्षांनी कळलं,
तेही मोतीबिंदू काढल्यावर.

रेवती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, फोटो पाहून बाबांकडचे बघायला आले,
आणि आईला पाहून अकरा तोळे मागितले.
आई हे हसत सांगायची.
मी त्या कामाचे तीन रुपये घेतले होते.
ते मी तिला सांगितलं नाही.

ती दारात वाकून चपला घालत होती,
उन्हाची तिरीप थेट तोंडावर,
आईची भुवई, आईचा रंग,
आणि माझा अंगठा नि तर्जनी
आपोआप जवळ आले.
मध्ये पेन्सिल नव्हती,
तरी.